सत्तावीस की एकोणतीस

मिलिंद,

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. भांडी घासताना भांडते, गाडी चालवताना भांडते. परवा लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते तर माझे ओठ हलत होते म्हणे. शेजारच्या मुलीनं काळजीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मोजतेय. तू मध्ये बोलत नाहीस, त्यामुळे माझे मुद्दे हल्ली फार छान मांडले जातात, पण त्यात काही मजा नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाला तुझ्या करुणानं मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. त्रिशरण, पंचशील झालं. नागपूरहून तुझे दोन्ही भाऊ स्क्रीनवर होते. काउंटीच्या रस्ते खात्यातले तुझे सहकारी न शोभणारे कोट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. सगळे छान बोलले. तू बांधलेले पूल, तू फुकट शिकवलेली पोरं, दर चौदा एप्रिलला तुझ्या घरी जेवून गेलेली माणसं. माझी पाळी आली तेव्हा मी उठले, 'मिलिंद माझा मित्र होता' एवढंच म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं, गहिवरली. गहिवरले होतेच, पण खरं कारण वेगळं होतं. मला जे सांगायचं होतं त्यात एक घळ होती, एक शिडी होती आणि अकरा वर्षांचं भांडण होतं. ते चार शब्दांत बसत नव्हतं, म्हणून आता लिहायला बसलेय.

मी घटस्फोटानंतर इथे, वॉशिंग्टन राज्याच्या या कोरड्या कोपऱ्यात आले, हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी धरून. तेव्हा ट्राय-सिटीजमध्ये मराठी घरं मोजून सात. दिवाळीच्या पॉटलकला, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तू पहिल्यांदा भेटलास. मी आपलं सवयीनं विचारलं, आडनाव काय? तू सांगितलंस. आणि मी थांबले. फार नाही, साताऱ्यात माझ्यासारख्या घरात वाढलेल्या मुलीच्या डोक्यातले कप्पे उघडून बंद व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढीच. मग विचारलं, वांग्याचं भरीत कुणी केलंय? तू ते पाहिलंस. पाहिलं नसशील असं होणारच नाही, चालत्या गाडीतून तुला रस्त्यातली केसाएवढी भेग दिसायची. पण तू बावीस वर्षांत तो विषय कधी काढला नाहीस आणि मीही काढला नाही. मला एकदा म्हणायचं होतं की मी त्या दिवशी थांबले होते आणि मला त्याची लाज वाटते. दर वर्षी वाटायचं, पुढच्या वेळी म्हणू. ते राहिलं, आता इथे म्हणतेय.

तू मात्र पुढच्याच आठवड्यात फोन केलास. 'रविवारी काय करतेयस? दगड बघायला येतेस का?' इतकं विचित्र आमंत्रण मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं. मी आले.

त्या दिवशी गाडीत तू जे सांगितलंस ते मला अजून तुझ्याच आवाजात आठवतं. हिमयुगाच्या शेवटाला उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फानं एक नदी अडवली. बर्फाचं धरण. मागे मोंटानाच्या दऱ्यांमध्ये तलाव साठत गेला, इतका खोल की त्याच्या काठाच्या रेघा अजून तिथल्या डोंगरांवर दिसतात. मग एक दिवस धरण फुटलं आणि तो सगळा तलाव काही दिवसांत इकडे धावत आला. वाटेतली माती खरवडून नेली, खालचा काळा कातळ उघडा पडला, कातळात दऱ्या पडल्या, धबधबे पडले. आता पाणी नाही, नुसते धबधब्यांचे कडे उभे आहेत. शंभरएक वर्षांपूर्वी एका भूशास्त्रज्ञानं हे सगळं एका महापुरानं झालं असं सांगितलं, तर मोठमोठ्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं, आणि तो खरा ठरेपर्यंत म्हातारा झाला. हा भाग तू नेहमी जरा जास्तच चवीनं सांगायचास. बरोबर असलेल्या माणसाला थांबता आलं पाहिजे, हे तुझं आवडतं वाक्य होतं, आणि आपल्या भांडणात ते तू मला असंख्य वेळा ऐकवलंस.

पहिल्या कड्यापाशी मी खाली उतरले आणि म्हटलं, हा तर आपलाच कातळ. आमच्या अजिंक्यताऱ्याचा असाच आहे. तू म्हणालास, आमच्या सीताबर्डीच्या टेकडीचाही असाच आहे. मग आपण अर्धा तास कुणाचा कातळ जास्त काळा यावर वाद घातला. करुणा गाडीत डबा उघडून वाट बघत बसली होती. आपली मैत्री तिथे झाली असं मी समजते.

मोंटानाची ती फेरी आठवते? तू आम्हाला पाच तास गाडीत बसवून एका गवताळ मैदानावर नेलंस. पुरानं केलेल्या लाटा दाखवतो म्हणालास. ओढ्याच्या तळाशी वाळूवर उमटतात तशा, पण प्रचंड. खाली उतरलो तर चहूकडे गवत, तारेचं कुंपण आणि दूरवर दोन गाई. करुणा म्हणाली, कुठायत लाटा? तू हसून म्हणालास, 'अगं, लाटेवरच उभी आहेस तू.' मग पलीकडच्या उंचावरच्या रस्त्यावर नेऊन मागे बघायला लावलंस, आणि खरंच, सगळं मैदान लाटांनी भरलेलं होतं, एकामागे एक, टेकडीएवढ्या. करुणानं त्या लाटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या. मग म्हणाली, संसारातही असंच असतं, उभं असताना कळत नाही. तू ते लगेच तुझ्या वहीत लिहून घेतलंस. मला तेव्हा थोडा हेवा वाटला होता, तुम्हा दोघांचा.

आणि ते ग्रॅनाइटचे धोंडे. काळ्या कातळाच्या मुलखात मध्येच एखादा पांढुरका दगड बसलेला असायचा, बर्फाच्या तुकड्यात अडकून पुराबरोबर वाहत आलेला. तू प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचास, हा आपल्यातला, लांबून आलाय. तोच विनोद, प्रत्येक धोंड्यापाशी, बावीस वर्षं. मी कंटाळून डोळे फिरवायची. परवा घळीकडे जाताना रस्त्याकडेला एक दिसला, तर मी गाडी थांबवून त्याच्या पाठीवर थाप मारून आले. विनोद केला नाही. तेवढं मला जमणार नाही.

आता घळीकडे येते.

वाला वाला गावाच्या बाजूला ज्या म्हाताऱ्याच्या शेतात ती घळ आहे, त्याच्याशी तुझी ओळख रस्त्याच्या कामावरून. फार पूर्वी कधीतरी कालव्याचं पाणी फुटून त्याच्या शेताच्या कडेनं वाहत सुटलं होतं आणि त्यानं मऊ गाळात तीन मजली घराएवढी खोल घळ कापली होती. अकरा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये तू मला तिथे नेलंस. समोरचा काठ उभा, आणि त्यात थरावर थर, एखाद्या कापलेल्या वडीसारखे. तू सांगितलंस की पुराचं पाणी पुढे अरुंद खिंडीत तुंबलं, मागे फिरून या खोऱ्यात शिरलं आणि इथे शांत झालं. आधी जड वाळू बसली, मग बारीक गाळ. बर्फानं नदी पुन्हा अडवली, तलाव पुन्हा भरला, पुन्हा फुटला, पुन्हा वाळू, पुन्हा गाळ. वाळू नव्यानं सुरू झाली की नवा पूर. म्हणजे पूर एक नव्हे, अनेक, आणि ते मोजता येतात.

मोजता येतात म्हटल्यावर मी पुढे सरसावले. माझा धंदाच मोजण्याचा. रक्तातल्या पेशी मोजून मी पोट भरते, आणि तेव्हा तरी माझ्या मोजणीबद्दल कुणी शंका घेतलेली नव्हती.

वेळ मात्र नव्हता. म्हाताऱ्यानं बजावलं होतं की दुपारी कालव्याचं जास्तीचं पाणी घळीत सोडणार, अर्ध्या तासात बाहेर या. काठाच्या वरच्या भागात ज्वालामुखीच्या राखेची एक बारीक पांढरी रेघ होती आणि तिच्याखाली उभं राहण्यापुरती कड. तू म्हणालास, राखेच्या वरचे मी मोजतो, खालचे तू मोज. तू शिडी लावून वर गेलास, मी तळाला काठी घेऊन उभी राहिले. वारा असा सुटला होता की एकमेकांचं बोलणं धड ऐकू येईना. माझे भरले एकोणीस. मी तुला ओरडून सांगितलं, एकोणीस. तू वरून हात उंचावून ओरडलास, 'दोन बोटं, दोन पेरं!' मी ते वहीत लिहिलं. मग पळालोच, मागून पाणी आलंच.

आपापल्या घरी जाऊन आपण बेरीज केली. माझ्या वहीत सत्तावीस पूर, तुझ्या वहीत एकोणतीस. पुढच्या वसंतात काठ ढासळला, त्यावर तण माजलं आणि पुन्हा मोजायची सोयच उरली नाही.

त्यानंतर अकरा वर्षं आपण काय काय नाही केलं त्या दोन पुरांचं. तू म्हणायचास, लॅबवाल्या बाईला दोन पूर आले कधी नि गेले कधी कळलं नाही. मी म्हणायची, सरकारी माणसाला दोन जास्तीचे दाखवायची सवय असते. कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या बारशाला, कुठेही विषय निघायचा आणि नवीन आलेल्या माणसाला आपण पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगायचो, तू तुझ्या बाजूनं, मी माझ्या. गंमत बघ, इतक्या वर्षांत वर किती आणि खाली किती हे आपण एकमेकांना एकदाही विचारलं नाही. भांडलो ते बेरजेवर. मला वाटायचं, घरी गेल्यावर तू तुझ्याकडचे दोन वाढवलेस. तुला बहुतेक वाटायचं, मी माझ्याकडचे दोन खोडले. आणि खरं सांगायचं तर भांडण मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

मग यंदाची संक्रांत आली. तुझं घर, वीसेक माणसं, ताटात तिळाच्या वड्या. गोड बोला म्हणायचा दिवस आणि माझं तोंड कडू झालेलं. तुला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं, की त्याच आठवड्यात लॅबमध्ये माझी एक मोजणी चुकली होती. नव्या मशीननं पकडली. पेशंटला काही झालं नाही, पण साहेबीणबाईंनी यापुढे माझं काम दुसऱ्या कुणीतरी तपासायचं असं ठरवलं. तीस वर्षं मोजल्यावर. आणि तू नेहमीसारखा गोष्ट रंगवत रंगवत म्हणालास, 'रक्त मोजणाऱ्या बाईला माती मोजता येत नाही, यार, काय करणार.' सगळे हसले. मी म्हणाले, 'आयुष्यभर खड्डे बुजवणाऱ्याला थर काय कळणार?'

कुणी हसलं नाही. तूही नाही. मी वडी न खाता कोट उचलला आणि निघाले.

मग अबोला. सात आठवडे. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. करुणानं मेसेज केला, मी अंगठा पाठवला. मला राग तुझा नव्हता हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण एकदा रुसून बसलं की उठायचं कसं हे मला कधीच कळत नाही, आणि तुझं घर सोडून मला रुसायला दुसरी जागा नव्हती. मार्चच्या सुरुवातीला, एका मंगळवारी, तू निरोप ठेवलास. तो अजून फोनमध्ये आहे. 'अगं, म्हाताऱ्यानं पाइप टाकायला घळीचा काठ मशीननं सोललाय. सगळे थर उघडे पडलेत, वरपासून खालपर्यंत. पाणी सोडायच्या आत ये, मोजून घेऊ. शिडी मी आणतो. काहून राग धरून बसलीस?'

मी तो तीनदा ऐकला. हसले पण. ठरवलं की रविवारी फोन करीन, लगेच केला तर फार सोपं होईल. शुक्रवारी तू अंगणातल्या गुलाबांची छाटणी करता करता गेलास.

रविवारी तुझ्या घरी मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर करुणाला विचारलं, दहावा, तेरावा कधी आहे? ती इतकी थकलेली होती, तरी शांतपणे म्हणाली, 'आमच्यात तसं नसतं गं. तू बस आधी.' बावीस वर्षं तुमच्या घरी जेवूनही मला एवढं ठाऊक नव्हतं. बसले. तिनंच मला पाणी आणून दिलं.

पुण्यानुमोदनानंतर दोन दिवसांनी करुणानं तुझी ती वही माझ्या हातात ठेवली. म्हणाली, तुझ्याबद्दल आहे, तूच वाच. मी चष्मा लावला. त्या मार्चच्या पानावर मोठ्या अक्षरात २९, आणि खाली, 'ती २७ म्हणते.' त्याखाली दर वर्षी एक ओळ. 'अजून २७च.' 'यंदाही २७. आवाज चढला.' 'लेकीच्या ग्रॅज्युएशनला पण २७.' 'करुणा म्हणते बाई ऐकणार नाही.' प्रत्येक ओळीची शाई वेगळी. आणि सगळ्यात शेवटी, यंदाची, 'बोलत नाही. २७ असेलही.'

करुणा, मी तिथे तुमच्या स्वयंपाकघरात बसून जी रडले, त्याबद्दल तुला इथेच सॉरी म्हणते. सांत्वन करायला आले होते मी आणि केलंस तू. मिलिंद, तुला एकच विचारते. अकरा वर्षं एका आकड्यावर ठाम राहिलेला माणूस, मी सात आठवडे बोलले नाही म्हणून तू माघार घेतलीस? एवढ्या स्वस्तात? मी रविवारी फोन करणारच होते रे.

ही माघार मला ठेवून घेता येणार नव्हती. खरे सत्तावीस असतील तर गोष्ट वेगळी, पण तू मला खूश करायला दिलेले सत्तावीस घेऊन मी काय करू? काठ उघडा होता आणि पाणी सोडायला आठवडा होता. मी तुझ्या लेकीला, संघमित्राला, म्हटलं, चल.

मित्रा जॉर्जियातल्या अल्फारेटाहून आलेली होती, शाळेत ती बँड शिकवते ती पोरं दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करून. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते, तुझ्याशी द्यायची तसंच. तुझी शिडी गॅरेजमध्ये दाराशीच काढून ठेवलेली होती.  तिघी जणी ती तुझ्या पिकअपमध्ये घालून घळीकडे गेलो. म्हाताऱ्यानं टोपी काढून करुणाशी हात मिळवला आणि म्हणाला, हवा तेवढा वेळ घ्या.

काठ असा सोललेला होता, मिलिंद, की तू असतास तर वेडा झाला असतास. उन्हात प्रत्येक थर वेगळा. खाली गुडघ्याएवढे जाड, वर जाता जाता वीतभर, आणि त्यांच्यातून ती राखेची पांढरी रेघ सरळ आडवी गेलेली. दोन थरांच्या मध्ये उंदरांची जुनी बिळं दिसत होती, नंतरच्या वाळूनं भरलेली. तू सांगायचास ना, ही बिळं नीट बघ, दोन पुरांच्या मध्ये इथे काहीच घडलं नाही असं वाटतं, पण तेव्हाच तर गवत उगवलं आणि उंदीर येऊन राहिले. मी तेव्हा म्हणायची, बरं बरं, पुढे चल.

मित्रा शिडीवरून राखेच्या रेघेपर्यंत चढली, करुणानं शिडी धरली, मी तळाला काठी घेऊन उभी. एकेक थर काठीनं टेकवत मोजला. एकोणीस. पुन्हा मोजला. एकोणीस. म्हणजे माझी बाजू पक्की होती, तेव्हाही आणि आताही. हे मी जरा मोठ्यानंच म्हटलं असेन. वरून मित्रा हात उंचावून ओरडली, 'टू फिंगर्स अँड टू, मावशी!'

मी वहीत आठ लिहिले. खाली रेघ मारली. सत्तावीस.

जिंकले होते मी. अकरा वर्षांनी, साक्षीदारांसमोर. आणि मी काठीवर टेकून उभी राहिले. मला कळलं की मला जिंकायचं नव्हतं. मला एकोणतीस हवे होते.

मित्रा खाली आली, हात झटकत म्हणाली, 'सो, ट्वेंटी-नाइन?'

मी म्हटलं, 'नाही गं बाळा, सत्तावीस. तुझे आठ ना?'

'नो. टेन.'

'दोन बोटं आणि दोन पेरं. आठच होतात.'

'मावशी, टेन.' आणि तिनं माझ्यासमोर हात धरला. तिचा अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकला, मग मधल्या पेरावर, मग वरच्या, आणि मग थेट बोटाच्या टोकावर. चार. दुसऱ्या बोटावर पुन्हा चार. मग तिसऱ्यावर दोन. 'फोर, एट, नाइन, टेन. बाबा टॉट मी लाइक दिस. आय टीच माय बँड किड्स द सेम. फोर बीट्स, वन फिंगर.'

मी माझा हात बघितला. माझ्या आजीनं मला तीन पेरं शिकवलेली, एका बोटाला तीन. टोक मोजायचं नसतं, टोकाला नख असतं, असं ती म्हणायची. मी जन्मात कधी टोक मोजलं नव्हतं. आणि तू जन्मात कधी सोडलं नव्हतंस.

आधी करुणा हसली. शिडी धरून, मान खाली घालून, खांदे हलेपर्यंत हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग मित्रा, मग मी. म्हातारा वरून डोकावून विचारायला लागला की सगळं ठीक आहे ना. मित्रानं त्याला इंग्रजीत समजावायचा प्रयत्न केला, अंगठा आणि बोटं दाखवून, आणि तो बिचारा आपल्या जाड हातमोज्यांकडे बघत राहिला. दोन पूर हरवले होते ते बोटांच्या टोकांवर होते, मिलिंद. एक तुझ्या पहिल्या बोटाच्या टोकावर, एक दुसऱ्याच्या. अकरा वर्षं ते तुझ्या हातातच होते, आणि मी तुला खोटं पाडत होते.

करुणानं पिशवीतून डबा काढला. भाकरी आणि भरीत, पहिल्या पॉटलकला होतं तेच. तळाला बसून, थरांकडे तोंड करून आम्ही जेवलो. मी करुणाला त्या पॉटलकचं सांगितलं, तुझं आडनाव ऐकून मी थांबले होते ते. तिनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता ऐकून घेतलं. म्हणाली, 'त्याला माहीत होतं. घरी आल्यावर म्हणाला होता, थांबली, पण मग भरीत मागून घेतलं. बघू.' मग तिनं माझ्या ताटलीत आणखी भरीत वाढलं. तू बघितलंस म्हणजे. बावीस वर्षं बघत राहिलास. त्याबद्दल तुझे आभार कसे मानायचे मला माहीत नाही, म्हणून नुसते मानते.

ते जेवण झाल्यावर मी तुझी वही उघडली. तुझ्या शेवटच्या ओळीखाली, 'बोलत नाही. २७ असेलही'च्या खाली, मी माझ्या पेननं लिहिलं, 'नाही. एकोणतीस. मोजून पाहिले.' आणि सही केली, लॅबमध्ये रिपोर्टवर करते तशी. तपासणाऱ्याच्या जागी मित्रानं सही केली.

काल पाणी सोडलं म्हणून म्हाताऱ्याचा फोन आला. पाइप टाकून झालाय, काठावर आता तो गवत पेरणार आहे. लॅबमध्ये माझं काम अजूनही दुसरी मुलगी तपासते, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटेनासं झालंय. तिला परवा मी चार पेरांची गोष्ट सांगितली. ती बऱ्याच वेळानं हसली, पण हसली.

आज सकाळी चहा पिता पिता खिडकीशी बसून मी दिवस मोजले, तू गेल्यापासूनचे. चोवीस. माझ्या मोजणीनं आठ बोटं, दोन्ही हात भरून गेले. तेवढं बघून मला कसंतरी झालं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तुझ्यासारखी, टोकासकट. अंगठा टोकावर नीट बसेना, सवय नाही, दोनदा चुकले. तिसऱ्यांदा जमलं. सहा बोटं भरली आणि दोन मोकळी राहिली. यापुढे मी असंच मोजणार आहे.